मुलगीही ‘ब्रदर’: एका सेवाभावी फ्रॅटर्निटीच्या प्रवेश-अटींचं प्रकरण

अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांत ‘अल्फा फाय ओमेगा’ नावाची विद्यार्थी संघटना आहे. नाव ग्रीक अक्षरांचं, काम मात्र आपल्या एनएसएसच्या वळणाचं: रक्तदान शिबिरं भरवायची, गरजूंना धान्य वाटणाऱ्या केंद्रांवर खोकी उचलायची, परिसर झाडायचा, लहान मुलांचा अभ्यास घ्यायचा. संघटनेत यायचं तर नव्या मुलामुलींना काही आठवडे उमेदवारी करावी लागते. ती पुरी झाली की एक छोटा समारंभ होतो, आणि त्या दिवसापासून सगळे एकमेकांचे ‘ब्रदर’. मुलगा असो की मुलगी, शब्द एकच. ‘ती माझी ब्रदर आहे’ हे वाक्य तिथे कुणाला खटकत नाही.

मला ते पहिल्यांदा वाचताना खटकलं. तालुक्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजात मी काही वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो. जुलै-ऑगस्टमध्ये शंभर जागांच्या युनिटसाठी दीडशे अर्ज हातात घेऊन बसलो की दरवर्षी तोच प्रश्न: कुणाला घ्यायचं, कशावरून घ्यायचं? सेवा करायला आलेल्या माणसाला ‘तू चालणार नाहीस’ असं म्हणण्याचा अधिकार नेमका कशातून येतो? अल्फा फाय ओमेगाने या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातलं मधलं उत्तर कायद्याने नाक दाबल्यावर दिलं, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस आहे तो तिथे.

हॉर्टनचं निरीक्षण

पेनसिल्व्हेनिया राज्यात ईस्टन नावाचं गाव आहे, तिथे लाफायेट कॉलेज. १९२० च्या दशकात फ्रँक रीड हॉर्टन तिथे शिकत होता. इतरांपेक्षा वयाने थोराड, तिशीला टेकलेला. पहिल्या महायुद्धात नौदलात राहून आलेला. युद्ध जवळून पाहिल्यावर तरुण पोरांना जरा माणुसकीच्या वाटेला लावावं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तो स्काउटच्या कामात होता आणि कॉलेजातल्या एका नेहमीच्या, म्हणजे राहण्या-जेवण्याच्या आणि मेजवान्यांच्या फ्रॅटर्निटीचाही सदस्य होता. तिथे त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्या फ्रॅटर्निटीच्या घरातली जी पोरं शब्दाला जागणारी, वागायला नीट, ती लहानपणी स्काउटमध्ये होती.

झालं. १६ डिसेंबर १९२५ रोजी कॉलेजच्या ब्रेनर्ड हॉलमध्ये हॉर्टन आणि त्याचे सोबती जमले आणि १४ विद्यार्थ्यांनी अल्फा फाय ओमेगाची स्थापना केली. नेतृत्व, मैत्री, सेवा ही तीन तत्त्वं. पाया स्काउटची शपथ आणि स्काउटचे नियम. सदस्य होण्याची अट त्यातूनच आली: उमेदवार स्काउट चळवळीत वाढलेला किंवा तिच्याशी जोडलेला असला पाहिजे.

अटीमागचा तर्क बघण्यासारखा आहे. हॉर्टनला हवी होती नीट वागणारी, दुसऱ्यासाठी राबणारी मुलं. हे गुण अर्जावर दिसत नाहीत. मग त्याने गुणांच्या जागी दाखला मागितला: स्काउट होतास ना, मग तू असशील बरा. आपणही हेच करतो. घरकामाला माणूस ठेवताना ‘अमक्यांच्याकडे होता का’ विचारतो, आणि तिथे होता म्हणजे हातचा स्वच्छ असणार, असं धरून चालतो. दाखला सोयीचा असतो, बहुतेक वेळा खराही निघतो. पण एका घरातल्या पोरांवरून बांधलेली अट जेव्हा देशभरच्या शाखांना लागू होते, तेव्हा ती भलतंच काही मोजायला लागते. ज्याच्या गावात स्काउटचं पथक होतं, ज्याच्या आईबापांना गणवेशाला पैसे होते, तो आत. शेतावर काम करत वाढलेला आणि शेजाऱ्याची गुरं सांभाळून दिलेला पोरगा सेवेत कुणाला हार जाणार नाही, पण त्याच्याकडे दाखला कुठला?

आणि त्या अटीच्या पोटात आणखी एक अट होती, जी निराळी सांगायची तेव्हा कुणाला गरजच भासली नाही. बॉय स्काउट म्हणजे मुलगेच. लाफायेट कॉलेजही तेव्हा फक्त मुलांचं. मुली घ्यायच्या की नाही यावर कुणी वाद घातला असेल असं वाटत नाही. दाराशी मुलगी उभीच नव्हती.

पुढे संघटना वाढली. १९३१ ते १९४६ अशी पंधरा वर्षं एच. रो बार्टल हा राष्ट्रीय अध्यक्ष होता. हा कॅन्सस सिटीच्या स्काउट चळवळीतला मोठा माणूस, नंतर त्याच शहराचा महापौर झाला. त्याला सगळे ‘चीफ’ म्हणत आणि तिथल्या फुटबॉल संघाचं ‘चीफ्स’ हे नाव त्याच्यावरूनच पडलं. स्काउटचं आणि फ्रॅटर्निटीचं नातं असं घरोब्याचं राहिलं. साठच्या दशकाच्या अखेरीस मात्र स्काउट असण्याची सक्ती निघाली. तत्त्वं तीच राहिली, दाखला मागणं थांबलं. हा बदल संघटनेने आपल्या मनाने केला, कुणाच्या धाकाने नव्हे, ही गोष्ट तिच्या खात्यात जमा धरली पाहिजे.

पण स्काउटचं पांघरूण निघाल्यावर आतली अट उघडी पडली. आता कुणीही येऊ शकत होतं, मुलगी सोडून.

घर नसलेली फ्रॅटर्निटी

इथे जरा थांबून फ्रॅटर्निटी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ या शब्दाने केला आहे. अमेरिकन सिनेमांमुळे आपल्या डोळ्यांसमोर येतं ते मोठं घर, व्हरांड्यावर ग्रीक अक्षरं, आत पोरांचा धुडगूस. त्यांना तिथे ‘सोशल’ फ्रॅटर्निटी म्हणतात. त्यांचं मुख्य काम सदस्यांनी एकत्र राहणं, जेवणं, मजा करणं आणि पुढे जन्मभर एकमेकांना धरून राहणं. मुलांच्या फ्रॅटर्निटी, मुलींच्या सोरोरिटी.

अल्फा फाय ओमेगा यात बसत नाही. तिच्या सदस्यांनी एकत्र राहायचं असं घर नसतं. तिचा सदस्य दुसऱ्या एखाद्या सोशल फ्रॅटर्निटीतही असू शकतो, आणि बरेच असतात. करखात्याच्या दप्तरी ती धर्मादाय संस्था आहे. पण बाह्यरूप तिने फ्रॅटर्निटीचंच घेतलं: ग्रीक अक्षरं, उमेदवारीचा काळ, दीक्षेचा समारंभ, बाहेरच्यांना न सांगायचे विधी आणि ‘ब्रदर’ हा शब्द. हॉर्टनच्या काळात कॉलेजात मान मिळवायचा तर हे कपडे घालणं भागच होतं. शब्द उसना घेतला की त्याचे हिशेबही अंगावर येतात, हे मात्र पन्नास वर्षांनी कळलं.

कायद्याच्या फटीत

१९७२ साली अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात एक कलम आलं. ‘टायटल नाइन’ या नावाने ते जगभर माहीत आहे. आशय असा: ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिथे लिंगावरून कुणाला वगळायचं नाही. खेळाच्या मैदानावर या कायद्याने मुलींना संधी खुल्या केल्या, ते पुष्कळांना ठाऊक आहे. फ्रॅटर्निटींवर काय परिणाम होणार, हे कायदा झाला तेव्हा स्पष्ट नव्हतं. सोशल फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी घाबरल्या. मुलांच्या घरात मुली आणि मुलींच्या घरात मुलं घ्यायची की काय?

ज्या सिनेटर बर्च बाय यांनी टायटल नाइनसाठी सिनेटमध्ये किल्ला लढवला होता, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती १९७४ च्या अखेरीस मंजूर झाली. तिने सदस्यत्वाच्या नियमांपुरती दोन प्रकारच्या संघटनांना सूट दिली. पहिला प्रकार: कॉलेज विद्यार्थ्यांच्या करमुक्त ‘सोशल’ फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी. दुसरा: वायएमसीए, वायडब्ल्यूसीए, बॉय स्काउट, गर्ल स्काउट, कॅम्प फायर गर्ल्स आणि त्यांच्यासारख्या युवक-सेवेच्या संघटना, पण ज्यांचे सदस्य परंपरेने एकाच लिंगाचे आणि मुख्यतः १९ वर्षांच्या आतले आहेत अशाच.

आता यात अल्फा फाय ओमेगा कुठे बसवायची ते बघा. बाप फ्रॅटर्निटी, आई स्काउट. बापाला सूट मिळाली, आईलाही सूट मिळाली. लेकराला मात्र दोन्ही दारं बंद. ती सेवाभावी आहे, सोशल नाही, म्हणून पहिल्या सुटीत बसत नाही. तिचे सदस्य कॉलेजात शिकणारे, बहुतेक एकोणिसाच्या पुढचे, म्हणून दुसऱ्या सुटीतही नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला कायदा करणाऱ्यांची गंमत वाटली. मेजवान्या झोडणाऱ्यांना मुभा, आणि रक्तदान शिबिर भरवणाऱ्यांना बडगा! पण विचार केल्यावर वाटतं, त्यात अर्थ आहे. चार पोरांनी एकत्र राहावं आणि कुणाबरोबर राहावं, हा खाजगी मामला म्हणता येतो. पण सेवा, व्यवसाय, मानसन्मान यांच्या संघटनांत जे मिळतं ते खाजगी नसतं. तिथे नेतृत्वाची पदं मिळतात, प्राध्यापकांची ओळख होते, नोकरीच्या अर्जात लिहायला चार ओळी मिळतात. शिवाय रुग्णालयात मदत करायला, लहान मुलांना वाचून दाखवायला फक्त मुलगेच का लागावेत, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एकत्र राहण्याच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवता येतं. कामाच्या कारणाने ठेवता येत नाही. ज्या दिवशी हॉर्टनने ‘सेवा’ हा शब्द घटनेत घातला, त्या दिवशीच पुरुषांच्या मक्तेदारीचा पाया त्याने स्वतः पोखरला, असं म्हणायला हरकत नाही.

दट्ट्या कसा बसतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. टायटल नाइन थेट फ्रॅटर्निटीला काही करत नाही. ते कॉलेजला बांधून ठेवतं. भेदभाव करणाऱ्या संघटनेला कॉलेजने भरीव मदत केली, तर कॉलेज अडचणीत. मदत म्हणजे काय, तर बैठकीला खोली, विद्यार्थी निधीतून पैसे, मार्गदर्शक म्हणून प्राध्यापक, संघटनांच्या अधिकृत यादीत नाव. सेवाभावी संघटनेचा सगळा संसार यावरच चालतो. स्वतःचं घर असलेल्या फ्रॅटर्निटीला कॉलेजने हाकललं तरी तिला निदान छप्पर असतं. हिला खोलीच मिळाली नाही तर बैठक पायऱ्यांवर.

चार वाटा

१९७५ च्या जुलैमध्ये टायटल नाइनचे तपशीलवार नियम अमलात आले. अल्फा फाय ओमेगाचं राष्ट्रीय अधिवेशन दर दोन वर्षांनी, नाताळानंतरच्या सुटीत भरतं आणि त्यात शाखांचे विद्यार्थी प्रतिनिधी मत देतात. पुढचं अधिवेशन १९७६ मध्ये अटलांटाला होतं. म्हणजे वेळ थोडा, आणि निर्णय विशीच्या पोरांच्या हातात.

त्यांच्यासमोर काय काय होतं, याचा मी माझ्यापुरता हिशेब मांडून बघितला. पहिली वाट: आपण ‘सोशल’ आहोत असं म्हणायचं आणि सूट घ्यायची. हे अगदीच हवेतलं नव्हतं. फाय म्यू अल्फा सिन्फोनिया ही १८९८ मध्ये बॉस्टनला सुरू झालेली संगीताची फ्रॅटर्निटी पुढे याच वाटेने गेली आणि आजही फक्त पुरुषांची आहे. पण अल्फा फाय ओमेगाने तसं केलं असतं तर आपल्या नावातून सेवा वजा केल्यासारखं झालं असतं.

दुसरी वाट: मुलींसाठी वेगळी चूल. अशा चुली पेटलेल्याही होत्या. गॅमा सिग्मा सिग्मा ही मुलींची सेवा-सोरोरिटी १९५२ पासून चालू होती, ओमेगा फाय अल्फा १९६७ पासून. त्यांच्याशी जोडून घ्यायचं आणि ‘तुम्ही तिकडे, आम्ही इकडे’ असं म्हणायचं. दिसायला शहाणपणाची वाट. पण ज्या कॉलेजात मुलींची शाखाच नाही तिथल्या मुलीने काय करायचं? आणि कायद्यापुढे ‘वेगळं पण सारखं’ हा युक्तिवाद अमेरिकेत वंशभेदाच्या संदर्भात आधीच नापास झालेला होता, हेही त्या पिढीच्या पोरांना चांगलं माहीत असणार.

तिसरी वाट सरळ: मुलींना पूर्ण सदस्य करायचं. व्यापार-व्यवस्थापनातल्या डेल्टा सिग्मा पाय आणि अल्फा कॅपा साय या दोन जुन्या फ्रॅटर्निटींनी १९७५-७६ च्या सुमारास हेच केलं. चौथी वाट, म्हणजे थांबून बघायचं आणि कॉलेजांनी हाकलेपर्यंत हाकलून घ्यायचं, ही सगळ्याच संघटनांना नेहमी उपलब्ध असते.

या सगळ्यात एक तपशील मला फार बोलका वाटतो. मुली त्याआधीच कामाला लागल्या होत्या. काही शाखांमध्ये त्या प्रकल्पांवर राबत होत्या, सदस्य म्हणून मात्र नाव लागत नव्हतं. तेव्हा अटलांटामध्ये मुली काम करू शकतील का, हा मुद्दा चर्चेचा उरलेलाच नव्हता. वाद होता तो केलेलं काम वहीत कुणाच्या नावावर लिहायचं याचा. आणि ज्या लाफायेट कॉलेजात ही संघटना जन्मली, तिथे १९७० पासूनच मुली शिकत होत्या. जन्मघराने दार उघडल्याला सहा वर्षं होऊन गेली होती.

अटलांटात ठराव झाला. मुली पूर्ण सदस्य होऊ शकतील. पण त्याला एक शेपूट होतं: ज्या शाखांना फक्त मुलांचंच राहायचं असेल त्यांच्यावर राष्ट्रीय संघटना जबरदस्ती करणार नाही.

तळ्यात मळ्यात

या तडजोडीला नावं ठेवणं सोपं आहे. मीही ठेवणार आहे, पण आधी तिची बाजू. दोन वर्षांतून एकदा भेटणाऱ्या प्रतिनिधींना देशभरच्या शाखा फुटू न देता पुढे न्यायच्या होत्या. सक्ती केली असती तर ठराव पडलाही असता. पडला असता तर मुलींना काहीच मिळालं नसतं. विशीच्या पोरांनी राजकारणातलं एक जुनं सूत्र तिथे वापरलं: तत्त्व मान्य करून घ्या, अंमलबजावणी सैल सोडा.

तोटा असा झाला की प्रवेशाचं मानक राष्ट्रीय न राहता पिनकोडाचं झालं. एका कॉलेजातली मुलगी दुसऱ्या सत्रात शाखेची अध्यक्ष होऊ शकत होती, आणि शंभर मैलांवरच्या कॉलेजात तितकीच कामसू मुलगी उमेदवारीचा अर्जही भरू शकत नव्हती. बिल्ला एकच, शपथ एकच, तत्त्वं तीच तीन. मानक याला म्हणत नाहीत. सोन्याचा कस नाशकात एक आणि सांगलीत दुसरा लागला तर सराफ कुठला खरा?

आणि ही सैल सोडलेली गाठ तीस वर्षं टिकली. फक्त-पुरुष शाखा यापुढे नकोत, असा निर्णय व्हायला २००६ चं अधिवेशन उजाडावं लागलं. १९७६ मध्ये जन्मलेली मुलगी तोवर शिकून, नोकरी लागून, कदाचित स्वतःच्या मुलीला शाळेत घालायच्या तयारीत असेल.

शब्द मात्र ‘ब्रदर’च राहिला. मला आधी हे अर्धवट वाटलं. आत घेतलं तर निदान नाव तरी बदला. आता तितकी खात्री नाही. आपल्याकडे बाई सरपंच झाली तर ‘सरपंच’च असते, अध्यक्ष झाली तर ‘अध्यक्ष’. उलट ‘सरपंचबाई’ म्हटलं की गावात लोक तिच्या नवऱ्याकडेच कागद घेऊन जातात. वेगळा शब्द दिला असता तर बहुधा वेगळी पंगतही मांडली गेली असती, अशी शंका येते. मुलींनी उसना शब्द जसाच्या तसा अंगावर चढवला आणि तो आपल्या मापाचा करून घेतला.

याच झाडाची फांदी फिलिपिन्समध्ये वेगळी वाढली. तिथे १९५० मध्ये मनिलाच्या फार ईस्टर्न युनिव्हर्सिटीत संघटना सुरू झाली, आणि तिथे आजही फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी अशा दोन जोडबाजू आहेत. अमेरिकेने टाकून दिलेली दुसरी वाट तिथे रुळली. टायटल नाइन हा अमेरिकेचा कायदा. समुद्रापलीकडे त्याचा दट्ट्या पोचत नाही.

उमेदवारीत काय मोजायचं

तिसरं उत्तर अजून चालूच आहे. कोण येऊ शकतो हे ठरलं, पण आलेल्याला पारखायचं कसं?

फ्रॅटर्निटींच्या दुनियेत पारख म्हणजे बहुतेकदा छळ असं समीकरण होऊन बसलं. नव्या पोराला रात्रभर जागवायचं, दारू पाजायची, अपमान करायचा आणि त्याला ‘निष्ठेची परीक्षा’ म्हणायचं. त्यात पोरं मेली आहेत. फिलिपिन्सने १९९५ मध्ये यावर कायदा केला. त्यात छळ पूर्ण बंद न करता आधी लेखी कळवून विधी करण्याची पळवाट ठेवली होती. ती २०१८ च्या नव्या कायद्याने बुजवली. अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय कायदा झाला, त्याने कॉलेजांना छळाच्या घटनांची नोंद ठेवणं आणि ती जाहीर करणं बंधनकारक केलं. त्या कायद्यातली एक गोष्ट नेमकी आहे: पोरगा स्वतः राजी होता का, याने फरक पडत नाही. आत यायची आस लागलेल्या माणसाची संमती ही संमती धरायची नाही. भारतात हे दु:ख आपल्याला वेगळं सांगायला नको. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्ये केला, यूजीसीचे नियम २००९ चे, आणि तेव्हापासून आपल्याकडचा प्रत्येक विद्यार्थी कॉलेजात शिरतानाच रॅगिंग न करण्याचं प्रतिज्ञापत्र भरतो.

अल्फा फाय ओमेगाने छळाला साफ मनाई केलेली आहे आणि नव्या सदस्यांच्या उमेदवारीसाठी राष्ट्रीय पातळीवर मानकं घालून दिली आहेत. तपशील शाखा ठरवतात: किती तास सेवा, किती बैठकांना हजेरी, संघटनेचा इतिहास किती पाठ, एखादा प्रकल्प स्वतः आखून पार पाडायचा का. माझ्या मते कसोटीचा प्रश्न एकच आहे: उमेदवाराला जे करायला लावता ते जुना सदस्य करतो का? नव्याला वीस तास आणि जुन्याला आठ, असं असेल तर ती शिक्षणाची अट उरत नाही, तो जकातनाका होतो. पाठांतराचंही तसंच. सोळा डिसेंबर ही तारीख पाठ असणाऱ्याने खोकी जास्त उचलली, असा माझा तरी अनुभव नाही. आमच्याकडेही चोवीस सप्टेंबर हा एनएसएसचा स्थापनादिन तोंडपाठ म्हणणारी पोरं श्रमदानाला झाडाखाली सापडायची.

तासांबद्दल बोलायला माझ्याकडे तोंड नाही. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर, असा हिशेब आहे. तासांची वही माझ्या टेबलावर असायची. ‘ग्रामस्वच्छता, ४ तास’ अशी ओळ पोरगं लिहायचं. त्यातला दीड तास ट्रॅक्टरची वाट बघण्यात गेलेला असायचा आणि अर्धा तास पोह्यांत, हे मला माहीत असायचं. मी सही करायचो. तास मोजता येतात म्हणून आपण तास मोजतो.

पण वहीपेक्षा शिबिराची अट मला जास्त सलते, आणि अटलांटाचं प्रकरण वाचताना तीच आठवत राहिली. आमच्या नियमात ‘मुलींना प्रवेश नाही’ असं कुठेच नव्हतं. दीडशे अर्जांत निम्म्याहून जास्त मुलींचेच असायचे. तरी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रमाणपत्रांची यादी करायला बसलो की मुलींची नावं गळालेली असायची. तास पूर्ण, शिबिर नाही. सात रात्री बाहेर राहायला घरून परवानगी नाही. आमची अट स्काउटच्या अटीसारखीच होती: वर काही लिहिलेलं नाही, पोटात सगळं आहे.

एका वर्षी शिबिर कॉलेजपासून अठरा किलोमीटरवरच्या गावात होतं. सकाळी पावणेसातच्या पहिल्या एसटीने एक मुलगी यायची, डबा घेऊन. बंधाऱ्याच्या कामावर दिवसभर पाट्या वाहायची आणि संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने परत. सातही दिवस. रात्रीच्या व्याख्यानाला आणि शेकोटीच्या गाण्यांना ती नसायची, पण माती तिने मुक्कामी पोरांपेक्षा जास्त वाहिली, हे गावच्या गवंड्यानेच मला सांगितलं. हजेरीपत्रकात एकच रकाना होता: ‘मुक्काम’. मी पट्टी लावून त्याच्या शेजारी आणखी एक उभी रेघ मारली, वर ‘दिवसपाळी’ असं लिहिलं आणि तिच्या नावापुढे सात बरोबरच्या खुणा केल्या.

यादी वर गेली. महिन्याभराने परत आली तेव्हा बाकी सगळ्या नावांवर शिक्का होता. तिच्या नावाला लाल पेनाने गोल केलेला आणि समासात लिहिलेलं: ‘हा रकाना कोणत्या परिपत्रकानुसार?’